ढग नसलेली दिघोरी

खेळ म्हटला की हारजीत आली, असे आपल्याला वाटते. हारजीत नसलेला, पण नियमांनी घट्ट बांधलेला एक खेळ या पाठात आहे. त्या खेळासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार मुलांनी एक वेगळीच दिघोरी कशी घडवली, हे लेखिकेने येथे सांगितले आहे.

मे महिन्यात दिघोरीला सकाळी दहानंतर घराबाहेर पडायची सोय नसते. भंडारा जिल्ह्यातील हे माझे माहेर. शाळेला सुट्टी लागली की मी तेथे जाते. माझ्या बहिणीची तिन्ही मुलेही येतात. मोठी भाची नववीत, भाचा सातवीत आणि धाकटी भाची पाचवीत. सकाळी तलावाकडे फिरून यायचे आणि मग संध्याकाळी पाच वाजेपर्यंत घरातच बसायचे. त्यातच वीज गेली की कूलर बंद. एकदा अशीच दुपार होती. लुडोच्या सोंगट्या हरवल्या होत्या, पत्ते खेळून फाटले होते. भाचा म्हणाला, "खाला, काहीतरी नवीन खेळ सांगा. नाहीतर मी उन्हात जातो."

मला एक खेळ माहीत होता. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि दोन फासे पुरतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा खेळ प्रसिद्ध केला आणि तेथून त्याचे शेकडो प्रकार निघाले. त्याला भूमिकांचा खेळ म्हणता येईल. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सांगणारा असतो. तो सांगतो, "तुम्ही एका किल्ल्याच्या दारात उभे आहात. दार बंद आहे. आत दिवा दिसतो. काय करता?" बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र झालेले असतात. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी चोर. ज्याने त्याने आपल्या पात्राने काय केले ते सांगायचे. काम सोपे असेल तर ते झालेच. अवघड असेल तर फासा टाकायचा. गोष्ट अशी सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

मुलांनो, सापशिडी तुम्ही खेळता. त्या खेळात सारे काही फासा ठरवतो, खेळणाऱ्याला करण्यासारखे काहीच नसते. बुद्धिबळात, म्हणजे तुमच्या शतरंजमध्ये, नशिबाला जागाच नाही. हा खेळ या दोघांच्या मधला आहे. काय करायचे ते तुम्ही ठरवता, आणि ते जमेल की नाही, यात थोडा वाटा फाशाचा असतो.

आम्ही सतरंजी पसरली. एवढ्यात शेजारचा मुलगा दारात आला. तो ढीवरांचा मुलगा, आठवीत शिकणारा. त्याचे वडील गावच्या मच्छीमार सोसायटीत आहेत आणि तलावात मासे धरतात. आम्ही घरात उर्दू बोलतो. त्याला ती समजते, पण बोलायला तो लाजतो. त्यामुळे तो बसला आणि खेळ आपोआप मराठीतून सुरू झाला. माझा भाचा मराठीच्या पेपरला नेहमी घाबरतो. त्या दुपारी तो दीड तास मराठीतून भांडला आणि ते त्याच्या लक्षातही आले नाही.

"पण किल्ले आणि राक्षस नकोत," मोठी भाची म्हणाली. "ते दुसऱ्यांचे आहेत."

माझी अम्मी, म्हणजे मुलांची नानी, बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होती. ती म्हणाली, "मग तिलिस्म घ्या. तिलिस्म तर आपला आहे."

अम्मीचे म्हणणे खोटे नव्हते. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही उर्दूतील प्रचंड दास्तान. मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिलेला तिचा पहिला भाग १८८३ साली लखनौच्या नवल किशोर छापखान्याने काढला. तिलिस्म म्हणजे जादूने रचलेली दुनिया. तेथे नद्या, शहरे, बागा, बादशहा असे सगळे काही असते. पण ती दुनिया मनमानी नसते. प्रत्येक तिलिस्माची एक लौह असते. लौह म्हणजे पाटी. तिलिस्म कसा मोडेल, ते त्या पाटीवर लिहिलेले असते, आणि त्याच रीतीने तो मोडतो. दुसऱ्या कोणत्याही रीतीने नाही.

"म्हणजे जादूलाही नियम?" धाकटीने विचारले.

"नियम नसेल तर मजा कसली?" अम्मी म्हणाली. "मग कोणीही उठावे आणि काहीही करावे."

हे वाक्य मी लक्षात ठेवले. पुढे ते माझ्यावरच उलटणार होते, हे तेव्हा माहीत नव्हते.

मी मुलांना म्हटले, "आपण तिलिस्मासारखीच दुनिया करू, पण जादूची नाही, विज्ञानाची. विज्ञानकथेतली." विज्ञानकथेत लेखक जगातील एखादीच गोष्ट बदलतो. बाकी सगळे जसेच्या तसे ठेवतो आणि मग त्या एका बदलामुळे काय काय घडेल, ते पाहत जातो.

मराठीत याचे फार चांगले उदाहरण आहे. डॉ. जयंत नारळीकर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्याला ते वारले. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. आपले नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत, म्हणून नारळीकरांनी आपली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. अक्षरही ओळखू नये, म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. तिलाच पहिले बक्षीस मिळाले.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आमच्या कामाची होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई झाली. मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्या लढाईत विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांचा पराभव झाला. नारळीकरांनी कथेत एवढेच बदलले, की ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. एक गोळी, तीही काही बोटांनी चुकलेली. त्यातून लढाईचा निकाल बदलतो, हिंदुस्थानचा इतिहास बदलतो, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अनोळखी मुंबईत जाऊन पोहोचतात. त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून टिकून आहे. पंत हा बदल कोठून सुरू झाला ते ग्रंथालयात शोधत बसतात. माझ्या मते कथेतला सर्वांत चांगला भाग तोच.

"तर मग आपली गोळी कोणती?" मी विचारले.

सूचनांचा पाऊस पडला. भाच्याला दिघोरीत अग्निबाण हवा होता, शिवाय परग्रहावरची माणसे, शिवाय अदृश्य होण्याचे औषध. धाकटीला कोणीच मरणार नाही असे जग हवे होते. तिचे औषध सगळ्यांना आवडले. पण कोणीच मरणार नसेल तर खेळात भीती कशाची राहील, असे शेजारच्या मुलाने विचारले आणि तिला उत्तर देता येईना. भाच्याच्या तीन गोष्टींपैकी एकच घे म्हटल्यावर तो रुसला.

मोठी भाची म्हणाली, "खाला, तुम्ही मला सुलतानाच्या स्वप्नाची गोष्ट सांगितली होती. ती घेऊ."

ही गोष्ट रुकैया सखावत हुसैन यांची. त्यांचा जन्म १८८० साली, आज बांगलादेशात असलेल्या पैराबंद गावी झाला. घरात पडदा कडक. मुलींना शाळेत पाठवण्याची रीत नव्हती. लग्नानंतर त्या भागलपूरला आल्या. पती सरकारी कामासाठी फिरतीवर असताना वेळ जावा म्हणून त्यांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. पती परत आले आणि त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली, असे सांगतात. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये ती छापून आली. पतीच्या निधनानंतर रुकैयांनी मुलींची शाळा काढली. १९११ साली ती कलकत्त्याला सुरू झाली तेव्हा तिच्यात आठ मुली होत्या.

त्या गोष्टीत एक बायकांचा देश आहे. पुरुष घरात, बायका कारभारात. तेथे बायकांची दोन विद्यापीठे आहेत. एका विद्यापीठाने एक फुगा शोधून काढला. त्याला नळ्या जोडलेल्या आहेत. तो ढगांच्या वर तरंगतो आणि हवे तेवढे पाणी ओढून घेतो. दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता साठवण्याचे यंत्र काढले. त्यावर स्वयंपाक होतो. कोळसा नाही, धूर नाही.

"पण मुलांना घरात कोंडायचे नाही," भाच्याने लगेच बजावले.

"काहून? एक दिवस पाहा की बसून," शेजारचा मुलगा म्हणाला. काहून म्हणजे का. आमच्या भागात असेच म्हणतात. सगळे हसले. शेवटी एकच बदल घ्यायचा म्हणून घरात कोंडण्याची बाब सोडून दिली आणि यंत्रे तेवढी ठेवली. आमचे जग असे ठरले: रुकैयांची दोन यंत्रे १९०५ साली खरोखरच तयार झाली. आता १९२५ साल आहे. वीस वर्षांत ती यंत्रे भंडाऱ्यापर्यंत आणि दिघोरीपर्यंत पोहोचली आहेत.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर नकाशा काढला. मध्ये दिघोरी, तलाव, धानाच्या बांध्या, लांब चुलबंद नदी, उत्तरेला भंडारा आणि तुमसर. मुलांनी पाणी ओढणाऱ्या यंत्राला फुगा आणि दुसऱ्याला सूर्यचूल असे नाव दिले. फुगा चालवणारा तो फुगेदार, जसा जमादार किंवा हवालदार असतो तसा.

मग मी सांगितले, की यंत्र काय करू शकते यापेक्षा ते काय करू शकत नाही, हे आधी लिहा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सगळे काही करणारे यंत्र आले की गोष्ट तेथेच संपते. मुलांनी लिहिले: फुगा हवेतली वाफ ओढतो, नवे पाणी निर्माण करत नाही. सोसाट्याचा वारा सुटला तर त्याला खाली घ्यावे लागते. सूर्यचूल एका रात्रीपुरतीच उष्णता साठवते. आभाळ भरून आले तर ती चालत नाही.

पुढे प्रश्नांवर प्रश्न निघाले. काय स्वस्त होईल? सरपण. मग लाकूडतोड्या काय करील? काय महाग होईल? नळीचे रबर. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेला आहे. तेथल्या भट्ट्या आता सूर्यचुलीवर चालतात. तुमसरच्या भात गिरण्याही. सर्वांत चांगला मुद्दा मोठ्या भाचीने काढला. १९२५ साली आमच्याकडे मालगुजारी होती. तलावाचे पाणी मालगुजाराच्या हाती. १९५१ नंतर हे तलाव सरकारकडे गेले. म्हणून आजही त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. ती म्हणाली, "खाला, आपल्या जगात पाणी फुग्यातून येते. मग मालगुजाराला कोण विचारणार? गावचा मोठा माणूस फुगेदार झाला."

मी खूश झाले. मला वाटले, आमची दुनिया तयार झाली. धूर नाही, दुष्काळ नाही, पुराची भीती नाही. बांधीत केव्हाही पाणी सोडावे आणि वर्षातून दोनदा धान घ्यावे. मी तर नकाशाच्या वर सुंदर अक्षरात 'सुखी दिघोरी' असे नावही घातले.

शेजारचा मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आपा, मंग पानी येतच नाही का?"

"येते की. फुग्यातून."

"तो नाही जी. वरून. पावसाचा पानी."

मी म्हटले, "पाऊस कशाला हवा? फुगा सगळी वाफ ओढून घेतो. ढगच जमत नाहीत." रुकैयांच्या गोष्टीतही तसेच आहे. सतत पाणी ओढल्यामुळे ढग जमेनासे होतात, पाऊस आणि वादळे थांबतात. तेथे ते यंत्राचे यश म्हणून सांगितले आहे.

तो म्हणाला, "मंग मासे अंडे कवा देतील?"

आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने समजावून सांगितले. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी नाल्यातून तलावात उतरू लागले की मासे त्या धारेवर उलटे चढतात. चढून उथळ पाण्यात, बांध्यांत जातात आणि तेथे अंडी घालतात. धारच आली नाही, तर ते चढणार कसे? फुग्याचे पाणी तलावात ओतले तरी तलाव भरेल, पण मासे चढणार नाहीत. दोनतीन वर्षांत तलावात मासा राहणार नाही. "आणि मंग आमी काय करू जी? फुगा पकडू?"

या वेळी कोणी हसले नाही. मी ही गोष्ट वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. धूर नाही, कोळसा नाही, हे कौतुकाने सांगितले आहे. पाऊस थांबला हे वाक्यही दर वेळी सांगितले. त्या पावसावर कोण कोण जगत होते, हे मी एकदाही विचारले नव्हते. विचारले ते तलावाकाठी राहणाऱ्या मुलाने.

मी नकाशावरचे 'सुखी' हे अक्षर खोडले.

त्यानंतर मात्र मुले थांबेनात. धाकटी म्हणाली, बेडूकही गेले. भाच्याने भूगोलाचे पुस्तक आणले. आपल्याकडे पावसाचे वारे दोन बाजूंनी येतात. अरबी समुद्राकडचे सह्याद्रीवर बराचसा पाऊस पाडून येतात. भंडाऱ्याला बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या वाऱ्यांचा मोठा आधार असतो. "ते वारे रायपूरवरून येतात ना? मग रायपूरच्या फुग्यांनी आधीच ओढून घेतले तर आपल्याला काय उरेल?" झाले. कॅलेंडरचा आणखी एक कागद पूर्वेला चिकटवावा लागला.

अम्मी एकटी विरुद्ध होती. ती म्हणाली, "मासे, बेडूक ठीक आहे. पण मी चाळीस वर्षे चुलीचा धूर गिळला आहे. डोळे गेले ते त्यानेच. तुमची ती सूर्यचूल मला द्या आणि ढगांना म्हणावे, यायचे असेल तर रात्री या."

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष खेळ सुरू झाला. मला वाटले होते, ढीवराचे पात्र शेजारचा मुलगा घेईल. त्याने फुगेदार व्हायचे ठरवले. ढीवर झाली मोठी भाची. ती रात्री त्याच्याकडून माशांची सारी माहिती विचारून आली होती. भाचा भंडाऱ्याचा पितळेचा कारागीर झाला आणि धाकटी धान पिकवणारी शेतकरीण. सांगणारी मी.

फाशाचा नियम असा केला: दोन फासे टाकायचे. बेरीज आठ किंवा जास्त आली तर काम जमले. दोन फासे ३६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी आठ किंवा अधिक बेरीज १५ प्रकारांनी येते. म्हणजे निम्म्याहून थोडी कमी आशा. पण बोलताना जो आपल्या धंद्यातील एखादी खरी गोष्ट सांगेल, त्याच्या बेरजेत एक मिळवायचा. मग सात आले तरी चालते आणि ३६ पैकी २१ प्रकार अनुकूल होतात. एकाने एवढा फरक पडतो, हे भाच्याने बोटे मोडून दोनदा तपासले.

मी सुरुवात केली. "१९२५ चा जून महिना. मृग लागला आहे. आभाळ नेहमीसारखे निळे. तलावाच्या पाळीवर गाव जमले आहे."

ढीवर उठून म्हणाला, "फुगेदारसाहेब, आठ दिवस फुगा खाली घ्या. एकदा तरी ढग जमू द्या. तीन वर्षांपासून जाळ्यात मासा नाही."

कारागीर ओरडला, "आठ दिवस ढग म्हणजे आठ दिवस भट्टी बंद. माझ्याकडे सहा मजूर आहेत. त्यांना काय खायला घालू?"

शेतकरीण म्हणाली, तिचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, फुग्याच्या पाण्यावर उभे आहेत. फुगा थांबला आणि पाऊसही आला नाही, तर रोवण्याआधीच ते वाळतील. पाचवीतल्या मुलीने हे सांगितले. तिलाही एक मिळाला.

आणि फुगेदार? तो सारखे, "वरून हुकूम नाही, वरून हुकूम नाही," असे म्हणत राहिला. सोसायटीच्या कामासाठी वडिलांबरोबर कोठे कोठे जाऊन त्याने हे वाक्य ऐकले असावे. त्याने ते इतके हुबेहूब म्हटले, की बाजेवरून अम्मीही हसली.

ढीवराने मासे चढण्याची गोष्ट सांगून एक मिळवला आणि फासे टाकले. चार आणि दोन, सहा. एक मिळवून सात. आठ नाही.

मोठ्या भाचीचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले. मी म्हटले, "ती फार चांगले बोलली. आपण तिला आणखी एक देऊ. आठ झाले असे समजू."

"नाही," भाचीनेच सांगितले. "नियम म्हणजे नियम."

"खाला, काल तुम्हीच म्हणालात," भाचा म्हणाला.

अम्मीने बाजेवरून शेवटचा घाव घातला. "लौहपुढे खुद्द अफ्रासियाबचे चालले नाही. तू कोण?" अफ्रासियाब हा होशरुबाचा बादशहा. मी गप्प बसले. दुनिया मी रचली होती, पण तिचे नियम आता माझे एकटीचे राहिले नव्हते.

गावाने नकार दिला. आता पुढे काय? दहा मिनिटे कोणालाच काही सुचेना. धाकटी तर झोपायला निघाली. शेजारचा मुलगा नकाशाकडे पाहत बसला होता. मग तो फुगेदाराचा आवाज सोडून आपल्या आवाजात म्हणाला, "आपा, रातीले सूर्यचूल चालते का?"

"साठवलेल्या उष्णतेवर चालते. ऊन लागत नाही."

"मंग राती ढग आले तं कोनाचं काय बिघडते? नानी कालच म्हने ना, रातीले या म्हनून. दिवस बुडला का फुगा खाली घ्यायचा. उजाडला का वर न्यायचा. मासे तं आमच्या बापाले रातीच भेटतात."

काल सगळ्यांनी अम्मीचे बोलणे तक्रार म्हणून ऐकले होते. याने ते उपाय म्हणून ऐकले. कारागिराने लगेच शंका काढली, की रात्रीचे ढग सकाळी लगेच थोडेच हटतात. पहिल्या दोन तासांची भट्टी बुडेल. ते दोन तास मजुरांना फुगेदाराने दोरखंड ओढायच्या कामावर घ्यावे, असे ठरले. मजुरी किती, यावर पुन्हा अर्धा तास भांडण झाले. मग फुगेदाराने वरच्या साहेबांना पटवण्यासाठी फासे टाकले. पाच आणि चार, नऊ.

मी सांगितले, "पहिली रात्र. फुगा खाली आला आहे. काहीच घडत नाही. दुसरी रात्र. चांदण्या दिसत नाहीत." सगळे पुढे सरकून बसले. "तिसऱ्या रात्री तलावाच्या पाळीवर एक थेंब पडला. धाकट्या मुलांना तो कशाचा आहे ते कळले नाही. त्यांनी पाऊस पाहिलाच नव्हता."

त्याच वेळी वीज आली, कूलर सुरू झाला आणि बाहेरून शेजाऱ्यांनी मुलाला जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मला परतायचे होते. खेळ तेथेच राहिला आहे. पाऊस पुरेसा पडला का, मासे चढले का, रायपूरच्या फुगेदारांनी काय केले, हे काहीच ठरलेले नाही. नकाशा अम्मीच्या पेटीत ठेवला आहे. निघताना मी तो उघडून पाहिला. मी तलाव काढला होता, पाळ काढली होती, पण पाणी सोडायची मोरी, जिला आपल्याकडे तुडूम म्हणतात, ती काढायला विसरले होते. कोणीतरी शिसपेन्सिलीने ती बरोबर जागेवर काढली होती आणि तिच्यासमोर धारेवर उलटे चढणारे तीन लहान मासे.

शब्दार्थ
दास्तान – लांबलचक कथा. पाळ – तलावाचा बांध. बांधी – धानाचे लहान शेत. पऱ्हे – लावणीसाठी वाढवलेली धानाची रोपे. रोवणे – रोपांची लावणी करणे. मालगुजार – गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. बाज – खाट. घाव घालणे – वर्मी लागेल असे बोलणे.

स्वाध्याय
१. खेळ मराठीतून का सुरू झाला?
२. लेखिकेने नकाशावरचे 'सुखी' हे अक्षर का खोडले? तुमच्या शब्दांत सांगा.
३. फुगा खाली घेण्याविषयी ढीवर, कारागीर आणि शेतकरीण यांचे म्हणणे काय होते? तुम्हाला कोणाचे पटते?
४. "वरून हुकूम नाही," हे वाक्य कोण म्हणतो? त्याने ते कोठे ऐकले असावे?
५. दोन फासे टाकले असता बेरीज सात किती प्रकारांनी येते, ते लिहून काढा.
६. तुमच्या गावातली एकच गोष्ट बदला. त्यामुळे कोणाचे काम वाढेल आणि कोणाचे जाईल, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.